पिन बसते, म्हणून काय झालं?

विजेच्या उपकरणांत खोटी साक्ष देण्यात अडॅप्टरच्या गोल पिनेचा हात कोणी धरणार नाही. ती सॉकेटात अलगद शिरते, 'टक्' करून बसते, आणि बघणाऱ्याची खात्री पटते की ही जोडी वरूनच ठरून आलेली आहे. आपल्यामागे किती व्होल्ट उभे आहेत याची त्या बिचारीला गंधवार्ताही नसते. बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाड आणि आत २.१ मिलिमीटरचं भोक, या मापाची पिन वायफायच्या राउटरला असते, सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याला असते, एलईडीच्या पट्टीला असते, गिटारच्या पेडलला असते, आणि १९८० च्या दशकातल्या गेम कन्सोललाही असते. आता असा जुना कन्सोल माळ्यावरून निघतो, जुन्या बाजारात मिळतो किंवा परदेशातून कोणी आणतो, तेव्हा त्याच्याबरोबर सगळं असतं: दोन कंट्रोलर, धूळ, चार कॅसेटी, एखादं झुरळ. अडॅप्टर तेवढा नसतो. मग घरात अडॅप्टरांचा शोध सुरू होतो आणि जो बसेल तो लावला जातो. माझं म्हणणं असं की बदली अडॅप्टर निवडताना पिन बसते का, हे सगळ्यात शेवटी बघायचं, आणि त्याच्या पाठीवर छापलेल्या बारीक अक्षरांच्या चार ओळी सगळ्यात आधी वाचायच्या. ऐकायला हे इतकं साधं आहे की कोणीच करत नाही.

निन्टेंडोचंच बघा. १९८३ च्या जुलैमध्ये त्यांनी जपानात फॅमिकॉम आणला, आणि १९८५ मध्ये तोच कन्सोल करड्या खोक्यात घालून एनईएस या नावाने अमेरिकेत उतरवला. आतला संसार जवळजवळ तोच. पण फॅमिकॉमचा अडॅप्टर, क्रमांक एचव्हीसी-००२, देतो १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरपर्यंत, आणि पिनेच्या मधोमध मायनस. एनईएसचा अडॅप्टर, क्रमांक एनईएस-००२, देतो ९ व्होल्ट एसी, १.३ अँपिअरपर्यंत. म्हणजे भिंतीतून एसी घ्यायचा, त्याला जरा दटावून लहान करायचं आणि एसी म्हणूनच पुढे पाठवायचं. त्याचा डीसी करण्याचं काम कन्सोलच्या पोटातल्या चार डायोडांच्या ब्रिजने निस्तरायचं. या ब्रिजमुळे एनईएस फार समजूतदार निपजला आहे. एसी द्या, डीसी द्या, मध्ये प्लस द्या, मध्ये मायनस द्या, तो हू की चू करत नाही. फॅमिकॉमच्या पोटात असा ब्रिज नाही. त्याला एनईएसचा अडॅप्टर लावला, की सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुढे-मागे करणारा प्रवाह सरळ रेग्युलेटर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या दारात येऊन उभा राहतो. या कपॅसिटरला उलटी वीज अजिबात सोसत नाही. तो तापतो, फुगतो आणि कधी कधी फुटूनच आपली नापसंती जाहीर करतो. अडॅप्टर कंपनीचा, कन्सोल कंपनीचा, दोन्हींवर निन्टेंडोचं नाव, पिनही गुण्यागोविंदाने बसलेली, आणि तरी ही अवस्था. पुढे सुपर निन्टेंडोच्या वेळी तर अमेरिकेतल्या कन्सोलला १० व्होल्ट डीसी आणि युरोपातल्याला ९ व्होल्ट एसी अशी वाटणी झाली. त्यातल्या अमेरिकन कन्सोलच्या सॉकेटाचं मात्र मला कौतुक वाटतं. त्याचा आकार इतका चमत्कारिक आहे की दुसरं काही त्यात जाऊच शकत नाही.

सेगाकडे वळलो तरी परिस्थिती सुधारत नाही. १९८८ मध्ये जपानात मेगा ड्राइव्ह निघाला, पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याचं नाव जेनेसिस झालं. अमेरिकेतल्या पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट डीसी, १.२ अँपिअर आणि मध्ये मायनस. नंतर आकाराने लहान असं दुसरं मॉडेल आलं, त्याला १० व्होल्ट डीसी, ०.८५ अँपिअर आणि मध्ये प्लस. प्लस-मायनसची अदलाबदल करताना सेगाने पिनेचं मापही बदललं, एवढा विवेक त्यांना सुचला हे मान्य करायला हवं. पण पहिल्या मॉडेलच्या सॉकेटात एनईएसची एसी देणारी पिन तंतोतंत बसते, त्याला सेगा तरी काय करणार? उलट दिशेने मात्र हाच व्यवहार निभावतो: सेगाच्या पहिल्या मॉडेलचा अडॅप्टर एनईएसला लावला तर एनईएस तो बिनतक्रार घेतो. म्हणजे 'क' चा अडॅप्टर 'ख' ला चालतो यावरून 'ख' चा 'क' ला चालेल असं काढलेलं अनुमान इथे थेट धुरात जातं. त्यातून ज्या अमेरिकन मुलाने जेनेसिसला खालून सीडीचा जोड आणि वरून १९९४ चा ३२एक्सचा जोड लावला, त्याच्या वाट्याला तीन कन्सोलांचा एक मनोरा आणि तीन वेगळे अडॅप्टर आले. प्रत्येक अडॅप्टर शेजारचं सॉकेटही अडवून बसणारा, त्यामुळे एक खेळ सुरू करायला अख्खा एक्स्टेन्शन बोर्ड राखून ठेवायचा. भारतात मेगा ड्राइव्ह आला तो १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत, १८ हजार रुपयांना. या कंपनीच्या दारूच्या धंद्यातली लेबलं लोक टक्केवारीसह मुखोद्गत ठेवत. त्यातली निम्मी नजर अडॅप्टरच्या लेबलावर टाकली असती तर फार भलं झालं असतं.

आता लेबलावरचे आकडे. तिथे व्होल्ट आणि अँपिअर शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून लोक दोघांना सारखंच घाबरतात, किंवा दोघांकडे सारखंच दुर्लक्ष करतात. पंगतीत बसलेल्याला यातला फरक लगेच कळेल. व्होल्ट म्हणजे वाढप्याचा आग्रह आणि अँपिअर म्हणजे त्याच्या पातेल्यातलं श्रीखंड. पातेलं मोठं आहे म्हणून कोणाचं पोट बिघडत नाही; खाणारा हवं तेवढंच घेतो. बिघडतं ते आग्रहाने. त्यामुळे '८५० मिलिअँपिअरच्या जागी २ अँपिअरचा लावला तर कन्सोल जळेल' ही जी भीती दुकानाच्या दोन्ही बाजूंना ऐकू येते, तिला आधार नाही. कन्सोल आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. अँपिअरचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा, बस्स. कमी असला की मात्र अडॅप्टर तापतो, त्याचे व्होल्ट खाली घसरतात, आणि ऐन शेवटच्या राक्षसासमोर पडदा काळा होतो. त्या वेळी खेळणाऱ्याचा राग कॅसेटवर निघतो. ती बाहेर काढून तिच्यात फुंकर मारली जाते. कॅसेट निर्दोष असते.

यावर हमखास येणारी हरकत अशी: 'आमच्याकडे राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून दोन वर्षं कन्सोल चालतोय, त्याचं काय?' हरकत खोटी नाही, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. त्या काळातल्या बहुतेक कन्सोलांच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. बाहेरून थोडे जास्त व्होल्ट आले तरी आतल्या चिपांना तो ५ व्होल्टच देतो. वरचे सगळे तो उष्णता करून उधळतो. कन्सोल ०.६ अँपिअर ओढतो असं धरू. ९ व्होल्ट आत आले तर ४ व्होल्ट जास्तीचे, म्हणजे २.४ वॉट उष्णता. १२ व्होल्ट आले तर ७ व्होल्ट जास्तीचे, म्हणजे ४.२ वॉट. खेळ तोच, मारिओ तोच, त्याची उडी तेवढीच. रेग्युलेटरच्या डोक्यावरचा ताप मात्र पाऊणपट जास्त. तो लगेच मरत नाही. फार तापला तर स्वतःच बंद पडून जीव वाचवण्याची अक्कलही त्याच्यात आहे. पण त्याच्या शेजारी तीस-चाळीस वर्षांचे म्हातारे कपॅसिटर बसलेले असतात, आणि उष्णता त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकवते. तेव्हा 'चालतोय' हे विधान आजपुरतं खरं आहे. आणि तो कन्सोल एनईएस असेल तर ते जरा जास्तच खरं आहे, कारण ९ व्होल्ट एसीचा डीसी करताना त्याच्या पोटात तसेही अकरा-बारा व्होल्टपर्यंतचे झटके येतच असतात. त्याला सवय आहे. याच हिशोबाने एनईएसला ९ व्होल्टचा चांगला डीसी अडॅप्टर दिला तर तो मूळ अडॅप्टरवर असायचा त्यापेक्षा थंड राहतो. खरी गोम वेगळीच आहे. राउटरच्या अडॅप्टरला बहुधा मध्ये प्लस असतो. तोच अडॅप्टर, तीच पिन, फॅमिकॉमला लावली तर दोन वर्षांचं सोडा, दोन मिनिटांचीही ग्वाही मी देणार नाही. ज्यांचे कन्सोल असे गेले ते दुकानात येऊन 'आमचा गेला' असं सांगत नाहीत, एवढ्यावरूनच 'काही होत नाही' ही समजूत पक्की झालेली आहे.

प्लस-मायनस ओळखण्यासाठी लेबलावर एक छोटं चित्र असतं: मधोमध टिंब, त्याला वेढणारी अर्धवट गोल रेघ, आणि दोन्हींपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना प्लस आणि मायनस. टिंब ज्याला जोडलेलं, ते मध्ये. व्होल्टच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ असेल तर एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघा असतील तर डीसी. एवढीच लिपी आहे, मोडीच्या मानाने काहीच नाही. पंचाईत होते ती आपल्याकडच्या 'टीव्ही गेम'ची. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत जे होते ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या, नाना नावांच्या आणि नाना आकारांच्या. त्यांचे अडॅप्टर कधी एकसारखे नव्हते आणि खोक्यावर काही छापलं असलंच तर ते खरं असेल असंही नाही. अशा वेळी खोकं उघडून ७८०५ शोधावा. त्याचा मधला पाय म्हणजे मायनस. मल्टिमीटर बीपवर ठेवून तो पाय सॉकेटाच्या मधल्या काडीशी बोलतो की बाहेरच्या पत्र्याशी, ते ऐकावं. सॉकेट आणि तो पाय यांच्यामध्ये ब्रिजचे डायोड आले असतील तर बीप वाजणार नाही, आणि मग प्लस-मायनसची काळजीही उरत नाही. हे ज्यांना अवघड वाटतं त्यांनी रेडिओ दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर गाठावा; त्याला ते चहा ओतता ओतता जमतं.

परदेशातून आलेल्या कन्सोलचा प्रश्न वेगळा, आणि इथे दुसरी एक पिन खोटं बोलते: भिंतीतली. न्यू जर्सीहून कोणा आतेभावाने आणलेला जेनेसिस अडॅप्टरसकट येतो. अडॅप्टरला चपट्या दोन पट्ट्या. मग विमानतळावर मिळणारा तो बहुपिनी ठोकळा मध्ये घातला जातो आणि सगळ्यांना वाटतं की प्रश्न सुटला. तो ठोकळा पट्टीची गोल काडी करतो, २३० व्होल्टचे १२० करत नाही. अमेरिकन अडॅप्टरच्या आत १२० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला आपल्या बोर्डावर चढवलं की तो भाजू लागतो, आणि भाजण्याआधी पलीकडे जवळपास दुप्पट व्होल्ट पाठवतो. जपानी अडॅप्टरची अवस्था आणखी वाईट, कारण तिकडे घरात १०० व्होल्टच येतात. २३० चे ११० करणारा वजनदार डबा मिळतो, पण सात-आठ वॉटच्या खेळण्यासाठी पाटा-वरवंट्याएवढं लोखंड टेबलाखाली ठेवणं मला पटत नाही. युरोपातला मूळ अडॅप्टर आपल्या विजेला बरोबर जुळतो. नाहीतर सरळ नवा, स्विचिंग पद्धतीचा अडॅप्टर घ्यावा, ज्याच्या लेबलावर इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. तो जगात कुठेही नांदतो.

इथे शुद्धतावादी मंडळी उठून म्हणतात: 'मूळचा तो मूळचाच. कंपनीचा अस्सल अडॅप्टर शोधा, बाकी सगळं भेसळ.' या मताबद्दल मला आदर आहे, कारण साध्या ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर खरोखरच दीर्घायुषी असतो; आत मोडण्यासारखं फारसं काही नसतंच. पण अस्सल म्हणजे सुरक्षित हे समीकरण कमोडोर ६४ ने कायमचं मोडून ठेवलं आहे. १९८२ चा हा घरगुती संगणक लोकांनी मुख्यतः खेळ खेळण्यासाठीच वापरला. त्याचा अडॅप्टर म्हणजे विटेएवढा ठोकळा, आणि त्यातून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी अशा दोन विजा निघायच्या. ५ व्होल्टचा रेग्युलेटर त्या ठोकळ्यातच, आणि ठोकळ्यात रेझिन ओतून सगळं थिजवलेलं, म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाव नाही आणि दुरुस्तीसाठी आत शिरायलाही. वय झालं की रेग्युलेटर बिघडतो, ५ चे जास्त व्होल्ट होतात आणि ते थेट मेमरीच्या चिपांवर जाऊन पडतात. वर मी कन्सोलच्या पोटातल्या ७८०५ चं जे कौतुक केलं, तो पहारेकरी इथे दारात नसतोच. जुन्या यंत्रांच्या शौकिनांत हा अस्सल अडॅप्टर मारेकरी म्हणूनच ओळखला जातो, आणि नवा, नीट बनवलेला पर्याय घेणं हीच तिथे शुद्धता.

दुकानात 'युनिव्हर्सल' नावाचा एक अडॅप्टर मिळतो. बाजूला सरकतं बटण: ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. बरोबर सहा-आठ टोकं, जी सुलटी लावली तर मध्ये प्लस आणि उलटी लावली तर मध्ये मायनस. कागदावर हा सर्वगुणसंपन्न. पण सुरक्षित असण्यासाठी त्याला एक अट आहे: त्या घरात लहान मूल, मांजर आणि फडका मारणारा माणूस यांपैकी कोणीही नसावं. बटण नखानेही सरकतं. त्यात साधा, रेग्युलेटर नसलेला युनिव्हर्सल मल्टिमीटरला लावला तर ९ वर ठेवूनही १३-१४ दाखवतो आणि माणूस हबकतो. हे मात्र निर्दोष आहे. बिनरेग्युलेटरचा अडॅप्टर मोकळा असताना चढेलच बोलतो, भार पडला की खाली येतो. कंपनीचे जुने अडॅप्टरही असेच वागत. एकदा ठरलेल्या एकाच व्होल्टचा, रेग्युलेटर असलेला अडॅप्टर घेणं मला या सगळ्या सर्कशीपेक्षा बरं वाटतं. अटारी २६०० वाल्यांसाठी एक उपसूचना: १९७७ च्या या कन्सोलची पॉवरची पिन हेडफोनच्या पिनेसारखी ३.५ मिलिमीटरची आहे आणि आत शिरताना तिचा प्लस-मायनस क्षणभर एकमेकांना चिकटू शकतो. आधी कन्सोलमध्ये खुपसावी, मग भिंतीतलं बटण दाबावं.

हल्लीच्या पिढीचा उपाय म्हणजे मोबाइलचा टाइप-सी चार्जर आणि त्यातून ९ व्होल्ट मागून घेणारी केबल. कल्पना उत्तम आहे आणि चांगल्या चार्जरवर ती चालतेही. पण ती केबल मागते, चार्जर देतो, असा हा संवाद आहे. चार्जरला ९ व्होल्ट देता येत नसतील तर तो ५ देतो, आणि ७८०५ ला काम करायला निदान ७ लागतात. कन्सोल सुरूच होत नाही, नुकसानही होत नाही. धोका तिथे आहे जिथे केबलवर व्होल्ट निवडायचं बटण असतं आणि ते २० वर राहून गेलेलं असतं. आणि या केबलच्या टोकाला बहुधा मध्ये प्लस असतो, हे इथवर वाचलेल्याला सांगायला नको.

आतापर्यंतचं सगळं कन्सोलच्या जिवाबद्दल झालं. खेळणाऱ्याच्या जिवाचं काय? कन्सोलला ९ व्होल्ट आणि १२ व्होल्टमध्ये फरक पडतो, माणसाला नाही. माणसाला फरक पडतो तो अडॅप्टरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ९ व्होल्टची बाजू किती लांब ठेवली आहे याने. अगदी स्वस्त अडॅप्टरात नेमकं हेच अंतर वाचवलं जातं, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून लेबलावर बीआयएसची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाची ते कळतं. चौकोनात चौकोन अशी आकृती म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे असा बनवणाऱ्याचा दावा. दुकानदार म्हणतो, 'साहेब, खूण काय, छापता येते.' येते. पण जो खूण छापण्याइतकेही कष्ट घेत नाही, त्याने आत कष्ट घेतले असतील असं मानायला काय आधार आहे?

शेवटची हरकत सगळ्यात व्यवहारी: एवढी यातायात करण्यापेक्षा तोच खेळ मोबाइलवर फुकट खेळता येतो. येतो की. पण ज्याला तसं खेळायचं आहे तो माळ्यावर चढतच नाही. जो चढला आहे त्याला ते बटण, तो खडखडाट आणि ते खोकंच हवं असतं, आणि अशा माणसाला सांगण्यासारखं एवढंच: लेबल वाचता येत नसेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून मोठा करून बघावा. आणि बरोबर अडॅप्टर मिळाला की त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने कन्सोलचं नाव लिहावं, टपोऱ्या अक्षरात, म्हणजे पुढच्या वेळी राउटर बंद पडला की घरातलं कोणी तो उचलून तिकडे लावणार नाही. उचलणारा चिकटपट्टी वाचेलच असं नाही, पण निदान भांडणात आपली बाजू लेखी राहते.